शिट्टीच्या आधी

हेरब्रूखच्या मैदानावर मी तीन सामने खेळवले.

पहिल्या वेळी बावीस हजार माणसं होती.
खाण बंद पडून चार वर्षं झालेली,
आणि जमिनीखाली जेवढा आवाज पुरून ठेवला होता
तेवढा सगळा शनिवारी साडेतीनला वर यायचा
उत्तरेच्या स्टँडमधून, बिअरच्या वासासकट.
एकाहत्तराव्या मिनिटाला त्यांचा पोरगा पडला
पेनल्टीच्या चौकटीत, उजव्या अंगाला.
मी काय पाहिलं?
एक बूट, थोडं उडालेलं गवत,
मध्येच कुणाची तरी पाठ.
मग ते आलं.
आवाज कसला, भिंतच.
शिट्टी माझ्या ओठांत होती, फुंकर त्यांची.
पंचामुखी परमेश्वर, म्हणतात.
त्या दिवशी परमेश्वराच्या तोंडात पंच होता.

रात्री हॉटेलात तो क्षण पाहिला, आवाज बंद करून.
दोन पायांच्या मध्ये बोटभर हवा होती.
घरी फोन केला,
बायकोला सांगितलं, प्रवास बरा झाला.

दुसऱ्यांदा गेलो ते जग दार लावून बसलं होतं तेव्हा.
नाकात काडी घालून तपासलं, मग आत सोडलं.
खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं, एकोणीस युरोला एक.
माळी सांगत होता,
सतराव्या रांगेतला तो टायवाला ऑटमार क्लाइनझॉर्गे,
फेब्रुवारीतच गेला.
गेर्लिंडेनं लग्नातला फोटो दिला,
कारण बाकी एकाही फोटोत
त्याचं तोंड मिटलेलं नव्हतं.

चेंडूला लाथ बसली की दोनदा ऐकू यायची,
एकदा इथे, एकदा समोरच्या रिकाम्या पायऱ्यांवर.
गोलकीपर स्वतःलाच शिव्या घालत होता,
कुठेतरी कबुतरं.
पाहुण्यांना मी एकच पिवळं कार्ड दाखवलं.
एरवी इथे चाराच्या खाली यायचो नाही;
मला वाटायचं, पाहुणेच आडदांड असतात.

आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला, तीच चौकट, तेच अंग,
नवा पोरगा पडला.
पडल्या पडल्या त्यानं वर पाहिलं.
माझ्याकडे नाही, स्टँडकडे.
हात पसरून वाट पाहत राहिला
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा,
आणि दुकानात पुठ्ठे.
मग आपणच उठला, गुडघा झटकला.
मी म्हणालो, "खेळा."
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
माझा आवाज मला मैदानात ऐकू आला.
किती पातळ आहे तो.

ते एक-शून्यनं हरले. आपल्याच घरात,
पण घरात कोणी नव्हतं.

पुढे विद्यापीठातून एका बाईंचा फोन आला.
त्यांच्याकडे तक्ते होते, शेकडो सामन्यांचे.
गर्दीचा तुमच्या निर्णयावर परिणाम होतो का?
मी म्हणालो, नाही, आम्हाला प्रशिक्षण असतं.
त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.
लिहून घेत असाव्यात.

तिसऱ्यांदा गेलो तो माझा शेवटचा मोसम.
माणसं परत आली होती, आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा मोठ्यानं.
मी माळ्याला विचारलं, पुठ्ठ्यांचं काय झालं?
रद्दीत, म्हणाला. एक सोडून.
ऑटमारला गेर्लिंडे घेऊन गेली,
परसात टोमॅटोच्या वाफ्यात उभा केलाय.
पाखरं फिरकत नाहीत म्हणे.
घरच्या मैदानावर अजून हरलेला नाही.

मी ठरवून आलो होतो:
कोणी पडलं तर मनात दोन अंक मोजायचे,
आवाज अंगावरून जाऊ द्यायचा,
मगच ओठ हलवायचे.
नव्वद मिनिटं त्या चौकटीवर डोळे लावून होतो.
कोणीही पडलं नाही.
म्हणजे मला ते कधीच कळणार नाही.

दोन-दोन. बोगद्यात शिरताना वरून कुणीतरी
अर्धा ग्लास बिअर माझ्या मानेवर ओतली
आणि माझ्या आईचा उद्धार केला.
गार होती.
मी पुसली नाही लगेच.